कुलाब्याची पहाटपाळी

पहाटेचे पावणेचार. कुलाब्याच्या वेधशाळेत, चुंबकाच्या खोलीबाहेर तुम्ही वहाणा काढता, कारण त्यांच्या टाचांना खिळे आहेत. कमरेची चावी बाहेर, बटव्यातला अडकित्ता बाहेर. आत पोलादाची एक चुंबकी दांडी दोन बारीक तारांवर टांगलेली आहे. पृथ्वीची ओढ किंचित कमी-जास्त झाली तरी तिला कळतं. मग तुमचा अडकित्ता कळणार नाही कसा?

आज शुक्रवार, २ सप्टेंबर १८५९. भाद्रपद, गणपतीचे दिवस. सार्वजनिक उत्सवाला अजून चौतीस वर्षं आहेत, तेव्हा मूर्ती घराघरांतच आहेत. कुलाब्याला तर वस्तीच कमी. छावणी, कापसाचा बाजार, दक्षिण टोकाचा दीपस्तंभ, आणि गेल्याच वर्षी प्रार्थनेला खुलं झालेलं, पण मनोरा अजून अपुरा असलेलं अफगाण चर्च. वेधशाळा १८२६ सालची. कंपनीने ती काढली मुख्यतः बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकाचं काम मागाहून, १८४१ च्या सुमारास, ऑर्लेबार साहेबांनी लावून दिलं. कंपनी सरकार गेल्या नोव्हेंबरात संपलं. आता राणीचं राज्य आहे, पण नोंदवहीला त्याचा पत्ता नाही. रकाने तेच आहेत.

तुम्ही इथले देशी साहाय्यक. प्रमुख फर्ग्युसन साहेब, इंडियन नेव्हीचे. तुमच्या आधी अलिबागजवळच्या नागावहून आलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनी इथेच उमेदीची वर्षं काढली. ते आता पुण्यात गणित शिकवतात, आणि वेधशाळेत त्यांचं नाव अजून आदराने निघतं. लोकांना वाटतं, वेधशाळेत माणसं रात्रभर तारे बघतात. तुम्ही बघता एक मोजपट्टी.

चारचे ठोके पडतात. तेलाच्या दिव्याच्या उजेडात तुम्ही छोट्या दुर्बिणीला डोळा लावता. पट्टीचे आकडे डावीकडे सरकतात, थांबतात, उजवीकडे येतात. दांडी कधीच पूर्ण स्थिर नसते. म्हणून एका टोकाचा आकडा घ्यायचा, दुसऱ्या टोकाचा घ्यायचा आणि मधला काढायचा. मग खोलीतला तापमापक, कारण उष्णतेने चुंबकाचा जोर घटतो आणि ती घट पृथ्वीच्या खात्यावर टाकून चालणार नाही. मग होकायंत्राची दिशा दाखवणारा दुसरा चुंबक. मग वायुभारमापक, कोरडा आणि ओला तापमापक, वारा, ढग. सगळं वहीत. पाचला पुन्हा तेच. सहालाही.

तुमच्या डोक्यात शास्त्रज्ञ म्हटल्यावर सफरचंदाखाली बसलेला न्यूटन येत असेल, तर तो इथे बाजूला ठेवा. या कामात सुचण्याला वाव नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या गाऊस, हम्बोल्ट, सेबाइन या मंडळींना हवी होती ती पृथ्वीभर पसरलेल्या ठाण्यांवरून, एकाच शिस्तीने, वर्षानुवर्षं घेतलेली मापं. त्यातून कदाचित काही नियम निघेल. कदाचित निघणारही नाही. तुमच्या वाट्याला फक्त दर तासाचा आकडा येतो. खरं सांगायचं तर सकाळी सातच्या सुमारास झोप अनावर होते, आणि सहाचाच आकडा थोडा फिरवून सातला लिहावा, कोणाला कळणार आहे, हा विचार मनात येऊन जातो. तो इथे बसणाऱ्या प्रत्येकाच्याच मनात येत असणार. तुम्ही डोळ्यांवर पाणी मारता आणि आकडा वाचता.

आठ. नऊ. उन्हाबरोबर आकडा हळूहळू चढतो. रोजच चढतो, दुपारनंतर उतरतो. आजच्या एककात सांगायचं तर ही रोजची हालचाल काही डझन नॅनोटेस्लांची.

दहाच्या सुमारास काहीतरी बिनसतं. आकडा एकदम वर उडालेला असतो, आणि बघता बघता खाली यायला लागतो. हेलकावा नव्हे, घसरण. तुम्ही बाहेर येता.

“आत कोणी आलं होतं का रे?”

“नाही जी,” पट्टेवाला म्हणतो, “मी दारातच बसून आहे.”

पहिला संशय माणसावर, दुसरा यंत्रावर, आकाशाचा नंबर त्यानंतर. ही इथली रीतच आहे. तार तुटली असेल? तुम्ही दिशेच्या चुंबकाकडे जाता. त्याची टांगणी वेगळी, जागा वेगळी, आणि तोही तितकाच अस्वस्थ. दोन्ही टांगण्या एकाच घटकेला बिघडणार नाहीत. म्हणजे हे बाहेरून येतंय. असा गोंधळ दिसला की तासाची वाट बघायची नाही, दर पंधरा मिनिटांनी वाचायचं, गरज पडली तर दर पाच मिनिटांनी. तुम्ही साहेबांना निरोप धाडता आणि दुर्बिणीशी बसता. आता झोप कुठल्या कुठे गेली आहे.

अकराच्या सुमारास आकडा तळाला जातो. पुढे हिशेब लागेल तेव्हा तो सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट ठरेल. म्हणजे रोजच्या हालचालीच्या कितीतरी पट. मग तो जवळजवळ तितक्याच वेगाने वर येऊ लागतो. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो, पण डोळा काढायची सोय नाही.

तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी: काल, तुमच्या घड्याळात चार वाजून गेले होते तेव्हा, इंग्लंडात रेडहिलला सूर्यडागांचं चित्र काढत बसलेल्या रिचर्ड कॅरिंग्टनला डागांच्या एका समूहावर पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट दिसला. काही मिनिटांत तो विझला. सूर्यावरून तेव्हा सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला. अमेरिकेत आज तारमास्तर बॅटऱ्या सोडवून या चुंबकी वादळाने तारांत आलेल्या नुसत्या आगंतुक विजेवर बोस्टनहून पोर्टलंडला संदेश पाठवणार आहेत. ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसणार आहे.

तुमच्या वहीचं नशीब मात्र संथ आहे. १८७२ पासून इथे छायाचित्राच्या कागदावर रेघ आपोआप उमटेल आणि दर तासाला डोळा लावणं संपेल. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नानाभाई मूस १९०४ साली चुंबकांचा संसार अलिबागेला हलवतील, छत्र्यांच्या नागावाशेजारीच, आणि १९१० मध्ये साठ वर्षांची कुलाब्याची मापं छापतील. २००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना आणि त्यांचे सहकारी आजच्या सकाळचे आकडे पुन्हा काढून ही घट मोजतील, आणि त्यावर वाद सुरू होईल: ही पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाची करामत, की डोक्यावरच्या आयनांबरातल्या प्रवाहांची? तो वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर वाद घालायला आकडे आहेत, हेच पुष्कळ झालं.

बाराला पाळी बदलते. पुढचे गृहस्थ कपाळावरचं गंध सावरत येतात, वही बघतात आणि भुवया उंचावतात.

“अहो, यंत्र तपासलंत ना?”

“दोन्ही.”

“मग खाडाखोड करू नका. साहेब विचारतील.”

ते दुर्बिणीला डोळा लावतात. वादळ अजून पुरतं निवळलेलं नाही, तेव्हा पुढची वाचनं त्यांची. तुम्हाला मात्र घरच्या आरतीला जाता येत नाही. सकाळच्या सगळ्या आकड्यांचं गणित राहिलंय, उष्णतेची दुरुस्ती, सरासऱ्या, स्वच्छ प्रत. रोज त्याच्या मोजक्या ओळी होतात. आज दोन पानं आहेत.