कर्ज माफ झालं, तर त्यावर इन्कम टॅक्स भरावा लागतो का?

समजा, क्रेडिट कार्डाचे 3 लाख थकले आणि बँकेने 1 लाख 80 हजारांवर सेटलमेंट केली. उरलेले 1 लाख 20 हजार तुमचं उत्पन्न ठरतं का?

नेटवर शोधलं की बऱ्याचदा 600 डॉलरच्या फॉर्मचं उत्तर समोर येतं. तो नियम अमेरिकेचा. तिथे माफ झालेलं कर्ज, काही अपवाद सोडले तर, उत्पन्नच धरतात. भारतात असा सरसकट नियम नाही. घरखर्च, आजारपण, लग्न यांसाठी घेतलेल्या कर्जात बँकेने सूट दिली, तर तिला उत्पन्न ठरवणारं वेगळं कलम आपल्याकडे नाही. सिबिल रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा येतो, तो त्रास वेगळा. मात्र कर्ज तुमच्याच कंपनीने दिलं असेल आणि तिनेच ते सोडून दिलं, तर ती रक्कम पगारात मोजली जाते.

खरा पेच धंदेवाल्यांचा आहे.

कापड दुकानदाराने 2 लाखांचा माल उधारीवर घेतला आणि तो खर्च हिशेबात दाखवून टॅक्स वाचवला. पुढे व्यापाऱ्याने 80 हजार सोडून दिले. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 41(1) नुसार हे 80 हजार त्या वर्षीचं उत्पन्न. व्यापारी काहीच बोलला नाही आणि दुकानदाराने स्वतःच वहीतून देणं काढून टाकलं, तरीही हेच.

पण कर्जाची मुद्दल हा खर्च नसतो, तिची वजावट कुणी घेत नाही. मग ती माफ झाली तर? हा वाद महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कंपनीने अमेरिकेच्या कैसर जीपकडून यंत्रसामग्रीसाठी कर्ज घेतलं होतं. त्यातले 57 लाख 74 हजार रुपये पुढे माफ झाले. आयकर खात्याने त्यावर टॅक्स मागितला. एप्रिल 2018 मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: वजावट घेतली नव्हती म्हणून 41(1) नाही, आणि कलम 28(iv) मधला 'लाभ' रोख पैशाला लागू होत नाही.

2023च्या वित्त कायद्याने ही दुसरी वाट बंद केली. 28(iv) मध्ये रोख लाभही आला. त्यामुळे 2023-24 या आर्थिक वर्षापासून खेळत्या भांडवलाचं कर्ज माफ झालं, तर टॅक्स लागण्याची शक्यता मोठी आहे. यंत्र किंवा जागेसाठीच्या कर्जावर अजून वाद होऊ शकतो. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2022 मध्ये बँकांना सेटलमेंटवरच्या टीडीएसमधून सूट दिली, पण कर्जदाराचा टॅक्स त्यामुळे माफ होत नाही, हेही तेव्हाच सांगितलं.

शेतकऱ्यांचं काय? 2017 ची दीड लाखांपर्यंतची किंवा 2019 ची दोन लाखांपर्यंतची राज्याची कर्जमाफी पीककर्जाशी जोडलेली होती. शेतीचं उत्पन्नच करमुक्त असल्याने तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आणि धंद्याच्या कर्जाची सेटलमेंट करत असाल, तर बँकेच्या पत्रात मुद्दल किती आणि व्याज किती सोडलं, हे वेगवेगळं लिहून घ्या. बँकेच्या न भरलेल्या व्याजाची वजावट मुळात मिळालेलीच नसते, त्यामुळे त्या रकमेला 41(1) लागत नाही.