तालीम आणि नवा व्यायामवर्ग
२००० साली अमेरिकेत क्रॉसफिट कंपनी निघाली. घोळक्याने घाम गाळणे मात्र आपल्या तालमींना नवे नव्हते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची सांघिक प्रात्यक्षिके दाखवली. आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडला; २०१८मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९मध्ये जागतिक कांस्य. त्यामागे वर्षांची मेहनत होती, महिन्याचे पॅकेज नव्हे. मी मात्र अशाच एका वर्गात तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसलो. जाणता वस्ताद नवख्याच्या बैठका बेताने वाढवतो, खुराक आणि विश्रांतीही पाहतो. तसा ‘आज पुरे’ म्हणणारा कोणी असेल, तरच फी भरावी, असे माझे मत झाले आहे.