हलगी आणि ध्वनिमुद्रण

मराठी ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिणारे नाट्यपदांच्या तबकड्यांपासून आरंभ करतात आणि भावगीतांपाशी विसावतात. त्या इतिहासात हलगी जवळजवळ नाहीच. ती का नाही, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आपल्याला तो पडला पाहिजे.

हलगी घडली मांगवाड्यात. लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे, त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी. कातडे सैल पडले की ते जाळावर शेकायचे, बोटाने ठोकून पाहायचे, आवाज चढला की वाजवायला उठायचे. हे ज्ञान बापाने पोराला दिले, ग्रंथाने नव्हे. पण गावाने त्याला कला मानले नाही. दवंडी, वरात, जत्रा, मयत. हाक आली की जायचे आणि हातावर पडेल ते घ्यायचे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला. विजेवरचे मुद्रण १९२५ च्या सुमारास येईपर्यंत कलावंताला भोंग्यासमोर गावे लागे. मोठ्या ठोक्याचे वाद्य जवळ वाजले तर मेणावरची सुई उसळे, म्हणून ते दूर बसवत किंवा वगळत. हे तांत्रिक कारण खरे. परंतु मायक्रोफोन आल्यावर ते कारण संपले, तरी हलगी उंबऱ्याबाहेरच राहिली. पुढे तमाशापटांत तिला जागा मिळाली ती ठेक्यापुरती. तबकडीवर गायकाचे नाव; हलगीवाला बहुधा निनावी.

आपल्यातही याविषयी वाद होता. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची हलकी कामे झुगारायला शिकवले, ते योग्यच होते. वेठीने वाजवलेली हलगी ही गुलामीच. तमिळ मुलुखात पराई या वाद्याबाबतही हाच झगडा झाला. पण भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचाच बाज घेऊन त्यातला आशय पालटला, हेही विसरता येत नाही. दोष वाद्याचा नव्हता, सक्तीचा होता.

१९८० नंतर कॅसेट आली आणि भीमगीते स्वस्तात घरोघर गेली. मात्र कॅसेटच्या वेष्टणावर पुन्हा गायकाचाच फोटो. आणि हळूहळू हलगीची जागा ऑक्टोपॅडने घेतली.

आज वस्तीतला पोरगा फडताळावर मोबाइल टेकवतो आणि स्वतःची हलगी स्वतः मुद्रित करून इंटरनेटवर टाकतो. कंपनीची परवानगी नको, स्टुडिओचे भाडे नको. ही लहान गोष्ट नव्हे. पण गंमत पाहा, अनेक मोबाइलमध्ये गोंगाट गाळण्याची सोय असते आणि ती हलगीच्या ठोक्यालाच गोंगाट समजून दाबते! भोंग्याची सुई उसळे, इथे यंत्र गळा आवळते. अनुभवी पोरे ती सोय बंद करतात, मोबाइल दहा-बारा फूट दूर ठेवतात, पत्र्याचा घुमारा मरावा म्हणून भिंतीला वाकळ टांगतात.

वादकाला कायद्याने हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने. पण आपले वादन दुसऱ्याने उचलून स्वतःच्या नावावर टाकले, तर दाद मागायची कोणाकडे, हे वस्तीत कोणी सांगत नाही.

आणखी एक उणीव आहे. या मुद्रणांत वादन असते, घडवणे क्वचितच. आता फायबरचे पान नटबोल्टाने आवळतात, त्याला जाळ लागत नाही. कातडे कमावणारी, शेकताना नुसत्या कानाने ताण ओळखणारी म्हातारी माणसे अजून काही वस्त्यांत आहेत. मोबाइल त्यांच्यासमोरही ठेवायला हवा, आणि तो याच वर्षी ठेवायला हवा.