बंदा रुपया आणि गिरणीचा भोंगा

शब्दाला जागणाऱ्या माणसाला मराठीत ‘बंदा रुपया’ म्हणण्याची रीत आहे. बंदा म्हणजे मोड न केलेला, अखंड. नाणे वाजवून पाहावे, त्याचा खणखणीत नाद ऐकावा आणि नि:शंक मनाने ते कनवटीला लावावे, असा या शब्दामागचा अनुभव आहे. मात्र ज्या काळात हा रुपया घरोघरी वाजवून घेतला जात होता, त्याच काळात त्याचे मोल हळूहळू झडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांतील हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते. संपत्ती कोणाकडे जाते आणि कोणाच्या हातून निसटते, हे केवळ कष्टांवर व हुशारीवर ठरत नाही, ही गोष्ट त्यातून फार स्पष्टपणे दिसते.

त्या काळचे नवे तंत्रज्ञान म्हणजे वाफ आणि तार. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. मधल्या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, कापसाच्या भावाने मुंबईला वेड लावले होते. युद्ध संपताच १८६५ साली ते वेड ओसरले आणि प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा अनभिषिक्त राजाही कोसळला. त्या कोसळण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची संथ, गाजावाजा न करता घडलेली उलथापालथ.

१८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला होता व त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. कोणीही मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी न्यावी, नाणी पाडण्याचा खर्च द्यावा आणि रुपये घेऊन यावे, अशी मुभा होती. म्हणजे रुपयाचा भाव हाच चांदीचा भाव. १८७१ नंतर जर्मनी आणि तिच्यामागोमाग युरोपातील इतर देश सोन्याच्या चलनाकडे वळले. त्यांची नको झालेली चांदी बाजारात आली, तशातच अमेरिकेतील नव्या खाणी चांदी ओकू लागल्या. लंडनमध्ये १८७२ साली औंसाला ६० पेन्स असलेली चांदी १८९२ साली ४० पेन्सांच्या खाली आली. रुपयाही तिच्याबरोबर सुमारे २३ पेन्सांवरून १५ पेन्सांपर्यंत उतरला. कोणत्याही सरकारने हुकूम न काढता झालेले हे अवमूल्यन होते.

मुंबईच्या गिरणीमालकाच्या ते पथ्यावर पडले. लँकेशायरहून आणावयाची यंत्रे त्याला महाग पडत, हे खरे; पण यंत्र एकदा बसले की रोजचा खर्च रुपयांतच होता. त्याचे सूत जाई चीनला, आणि चीनही चांदीवर चालणारा देश. त्यामुळे मुंबई व शांघाय यांच्यातील विनिमयाचा दर फारसा हलत नसे; सोन्यात हिशेब करणाऱ्या लँकेशायरचे सूत मात्र चिनी गिऱ्हाइकाला दरवर्षी महाग होई. शतक संपेपर्यंत मुंबईतील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. यंत्राने दिलेला लाभ आणि नाण्याने दिलेला लाभ एकाच तिजोरीत पडत होता, आणि तो सगळाच आपल्या कर्तबगारीचे फळ आहे, असे तिजोरीच्या धन्याला वाटणे स्वाभाविक होते.

या लाभाची दुसरी बाजू अर्थशास्त्राच्या भाषेत नेमकेपणाने मांडणाऱ्यांत परळच्या चाळीत राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. उतरत्या रुपयामुळे निर्यातदाराला होणारा फायदा हा देशाचा फायदा नव्हे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. किमती चढतात, मजुरी मात्र मागून रखडत येते. या दोहोंतील अंतर मालकाच्या पदरात पडते. म्हणजे चिनी गिऱ्हाइकाने जो नफा दिला असे वाटते, त्यातला काही भाग रत्नागिरीहून आलेल्या कामगारानेच आपल्या ताटातून दिलेला असतो. आमच्या मते या विषयावरचे हे सर्वांत मर्मग्राही निरीक्षण आहे.

रुपया उतरल्याची सर्वांत मोठी ओरड मात्र केली ती गोऱ्या अधिकाऱ्यांनी. त्यांचा पगार रुपयांत, आणि मुलांच्या शाळा व घरची देणी विलायतेत पौंडांत. खुद्द सरकारचीही गत तीच होती. कर रुपयांत गोळा होई, पण लंडनमधील व्याज आणि निवृत्तिवेतने सोन्यात द्यावी लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी चांदीसाठी टांकसाळी लोकांना बंद झाल्या. रुपया दुर्मीळ करून त्याचा भाव वर चढवावयाचा, हा हेतू. त्याच वर्षी अधिकाऱ्यांना विनिमयाची नुकसानभरपाई म्हणून वेगळा भत्ताही मंजूर झाला. काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला. चीन चांदीवरच राहिल्यामुळे मुंबईच्या सुताचा तिथला जुना फायदा गेला, आणि गिरणीमालकांनी तक्रारीचा सूर लावला.

परंतु या निर्णयाची खरी झळ जिथे बसली तिथून अर्ज-विनंत्या येत नसतात. देशावरच्या शेतकऱ्याची शिल्लक बँकेत नव्हती; ती बायकोच्या हातापायांत होती. गोठ, तोडे, वाळे, साखळ्या ही त्याची ठेव. टांकसाळ उघडी असताना रुपयाभार चांदी म्हणजे जवळजवळ रुपयाच, घडणावळ आणि घट तेवढी वजा. टांकसाळ बंद झाल्यावर नाणे एकीकडे आणि चांदी दुसरीकडे गेली. १९०० च्या सुमाराच्या लंडनच्या भावाने हिशेब केला, तर रुपयाभार चांदीचे मोल दहा-साडेदहा आणेच भरते. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र नाण्यातच भरावयाचे. आणि ही दागिने मोडण्याची वेळ आली ती १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत. पायांतले वाळे उतरवून सोनारासमोर ठेवणाऱ्या बाईला ती कमी पैसे का देतो, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. तिला सोनार लबाड वाटला असेल. त्याचा तराजू कदाचित बरोबरही असेल. बदलले होते ते तराजूपलीकडचे काहीतरी.

पुढे हीच गोष्ट निराळ्या वेषात पुन्हा घडली. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि त्यानंतरच्या दशकात संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा उद्योग बहरला. मिळकत डॉलरांत, पगार रुपयांत, हे त्याचे गणित जुन्या सुताच्या गिरणीला ओळखीचे वाटले असते. त्या उद्योगातील बुद्धी आणि मेहनत आम्ही नाकारीत नाही. पण एकाच इयत्तेत शिकलेल्या दोघांपैकी एक संगणकाकडे वळला आणि दुसरा मराठी शिकवू लागला, तर पुढे त्यांच्या घरांत जे अंतर पडले ते सगळेच गुणांचे अंतर नव्हते. एकाच्या श्रमाचे मोल कोणत्या चलनात मोजले गेले आणि दुसऱ्याचे कोणत्या, हाही त्यातला एक भाग होता.

श्रीमंतीच्या कथा आपण बहुधा कर्तृत्वाच्या कथा म्हणून सांगतो, आणि दारिद्र्याच्या कथा दैवाच्या किंवा दोषाच्या. या दोन्ही प्रकारच्या कथा वाचताना मोजण्याचे माप कोणाच्या हाती होते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. १८९३ नंतरचा रुपयाही पूर्वीसारखाच खणखणीत वाजत होता. त्याच वजनाचा, त्याच चांदीचा होता. फक्त त्याच्यातील चांदी आता त्याच्याइतक्या मोलाची राहिली नव्हती. भाषेने मात्र बंद्या रुपयावरचा आपला विश्वास ढळू दिला नाही.