शालेय मैदान आणि दूरचित्रवाणीचा पडदा

मानेसरच्या कारखान्यांमुळे जी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांच्या मुलांची शाळा हरियाणात आणि आजोळ महाराष्ट्रात. या दोन राज्यांची शाळकरी मुले मैदानात एकमेकांसमोर उभी ठाकली, तर आपल्या मुलांनी जयघोष कोणाचा करावा? हा गोड पेच घरात आणला तो दूरचित्रवाणीने. तत्पूर्वीचा शालेय खेळांचा इतिहास हा मुख्यतः गुणलेखकाच्या वहीचा आणि वृत्तपत्रांतील बारीक टाइपाचा इतिहास होय.

त्याचे बोलके उदाहरण मुंबईचे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर या जोडीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ पासून कार्यरत होते. परंतु शाळकरी पोरांच्या सामन्यासाठी कॅमेरा कोण नेणार? तो पराक्रम जगापुढे गेला तो केवळ आकड्यांच्या रूपाने. प्रत्यक्ष पाहिला तो मैदानावर हजर असलेल्यांनीच.

परदेशात या उणिवेवर उपाय शोधले गेले. न्यूयॉर्क परिसरात २००९ साली 'एमएसजी व्हर्सिटी' ही केवळ शालेय जीवनाला व शालेय खेळांना वाहिलेली केबल वाहिनी सुरू झाली. पुढे ती बंद पडली. अशा वाहिनीचा प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, शिक्षक आणि शेजारीपाजारी. हा वर्ग लहान खरा, पण त्याच्याइतक्या जिव्हाळ्याने पाहणारा दुसरा कोण?

आपल्याकडे मोठा बदल घडला तो आपल्याच शेजारी. ३१ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया शालेय स्पर्धांचे उद्घाटन झाले. सतरा वर्षांखालील मुलामुलींचे सोळा क्रीडाप्रकार त्यांत होते. कबड्डी आणि खो-खो हे आपले खेळही होते. स्टार स्पोर्ट्सवरून थेट प्रक्षेपण झाले आणि शाळकरी खेळाडू देशभरच्या दिवाणखान्यांत पोहोचले. हरियाणाने ३८ सुवर्णपदकांसह प्रथम क्रमांक मिळविला. महाराष्ट्र ३६ सुवर्णपदकांसह दुसरा. पुढील वर्षी 'शालेय' ऐवजी 'युवा' हे नाव धारण करून स्पर्धा पुण्यास गेल्या, तेव्हा महाराष्ट्राने ८५ सुवर्णपदके जिंकून अग्रस्थान पटकाविले. जून २०२२ मध्ये पंचकुला येथे हरियाणाने ते ५२ विरुद्ध ४५ असे परत मिळविले. जन्मभूमी आणि कर्मभूमी यांची अशी तुल्यबळ झुंज पाहण्याचे भाग्य आपणां मानेसरकरांना लाभले. दोघांपैकी कोणीही जिंको, गोडधोड आपल्याच घरी!

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. राष्ट्रीय स्पर्धेला कॅमेरा लाभला, म्हणून गल्लीतल्या शाळेच्या सामन्याला तो लाभला असे नव्हे. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाची नोंद आजही कोणी ठेवली तरच राहते. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना आपण अध्यक्षांची नावे आणि नाटकांची यादी हौसेने छापतो. आपल्या मुलामुलींच्या सामन्यांची एक साधी वहीही यापुढे मंडळाच्या कपाटात असावी. आझाद मैदानावरील ते ६६४ आजही टिकून आहेत, ते कोणीतरी प्रामाणिकपणे वहीत लिहून ठेवले म्हणूनच.