करमाळ्याची सडक : थर आणि शब्द

रस्त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मैल आणि रुपये यांच्या हिशेबाने लिहिला जातो. कोणती सडक केव्हा पक्की झाली, तीवर किती खर्च पडला, एवढे सांगितले की लेखकाचे समाधान होते. परंतु सडक ही एकावर एक थर देऊन उभी केलेली वस्तू आहे, आणि प्रत्येक थराबरोबर काही शब्दही त्या भूमीत रुजलेले असतात. अहिल्यानगरहून करमाळ्यावरून टेंभुर्णीकडे जाणारा मार्ग डोळ्यांपुढे ठेवून या शब्दांची साक्ष काढावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला. खाली दख्खनच्या पठाराचा काळा कातळ, त्यावर त्याच कातळाची झीज होऊन झालेला मुरूम आणि सर्वांत वर काळी माती, अशी येथील भूमीची सर्वसाधारण रचना आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. ज्वारीला ती मानवते, पण चाकाला मानवत नाही. पावसाळ्यात गाडी रुतावी आणि उन्हाळ्यात त्याच जागी दगडासारखे घट्ट चर पडावेत, हा या प्रदेशाचा जुना अनुभव होय. ‘चाकोरी’ हा शब्द या अनुभवातूनच आला आहे. चाकांनी पाडलेली खाच हा त्याचा मूळ अर्थ. ठरीव जीवनक्रम हा अर्थ मागाहूनचा. ‘वाट’, ‘पाणंद’, ‘गाडीवाट’ हे शब्दही वहिवाटीने पडलेल्या मार्गाचे आहेत, बांधलेल्या मार्गाचे नव्हेत.

याचा अर्थ बांधकामाची विद्या येथे नव्हती असा नाही. निंबाळकरांच्या काळातील कमलाभवानीचे देऊळ आणि तेथील पायऱ्यांची विहीर पाहिली की घडीव दगडावरील हुकमतीविषयी शंका राहत नाही. परंतु फरसबंदी देवळाच्या आवारात, वाड्याच्या चौकात किंवा घाटाच्या चढणीवर होत असे. मैलोगणती सडकेखाली दगड अंथरण्याची कल्पना आपल्याकडे मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आली.

या कल्पनेचा प्रवर्तक जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६). त्याच्या मते गाडीचा भार अखेरीस खालची जमीनच पेलते. मात्र ती कोरडी राहिली पाहिजे. म्हणून सहा औंसांहून जड नसलेले, कोनेदार फोडलेले दगड तो पसरीत असे. असे दगड वाहतुकीने एकमेकांत गुंततात आणि जमिनीवर जणू छप्पर धरतात. त्याचा समकालीन टेलफर्ड मात्र तळाशी मोठे दगड हाताने रचून घेई. काळ्या मातीत जमीन कोरडी राखणे दुष्कर. त्यामुळे आपल्याकडील रूढ बांधणीत दोन्ही पद्धतींचा मिलाफ झालेला दिसतो. काळी माती शक्य तेथे काढून मुरुमाचा भराव, त्यावर मोठ्या दगडांचे सोलिंग, त्यावर खडीचे थर, खडीच्या फटींत मुरूम, मग पाणी आणि दबाई. भूमीतील क्रम माती, मुरूम, कातळ असा वरून खाली जातो. सडकेत मातीला शक्यतो स्थान नसते आणि कातळ फुटून वर येतो.

आता शब्दांकडे वळू. ‘खडी’ आणि ‘मुरूम’ हे मराठीच राहिले. एवढेच नव्हे, तर ‘मुरूम’ हा शब्द इंग्रज अभियंत्यांनी उचलला आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात त्याला स्थान मिळाले. मॅकॅडमचे नाव इंग्रजीत सामान्यनाम झाले, पण मराठी बोलीत ते रुजले नाही. मराठी माणसाने ‘खडीची सडक’ म्हटले आणि काम भागवले. ‘सोलिंग’ मात्र जसेच्या तसे आले. खाणीतला ‘सुरुंग’ संस्कृतातील ‘सुरुंगा’मार्गे ग्रीकापर्यंत पोचतो, डोक्यावरचे ‘घमेले’ पोर्तुगीज आहे, ‘मक्ता’ अरबी आणि ‘बिगारी’ फारसी. दगड फोडणारा वडार तर घरी तेलुगूशी नाते सांगणारी बोली बोलणारा. एका मैलाच्या सडकेवर इतक्या भाषा राबत होत्या.

‘बिगारी’ शब्दाचा अर्थपालट विशेष विचारणीय आहे. वेठ, म्हणजे बिनमोबदल्याचे श्रम, हा ‘बिगार’चा मूळ अर्थ, आज बिगारी म्हणजे रोजावर काम करणारा मजूर. मोबदला आला तरी नाव वेठीचेच राहिले. ते का राहिले, हे दुष्काळी कामांचा इतिहास पाहिल्यावर उमगते. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला, तेव्हा सरकारी कामांत सडका आणि खडी यांना मोठे स्थान होते. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापावर आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांतही मदतीचा मार्ग श्रमांतूनच जात होता. १९७२ च्या दुष्काळात पुन्हा हजारो हात खडी फोडू लागले, आणि त्या अनुभवाची परिणती १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात झाली. ‘खडी फोडणे’ हा वाक्प्रचार तुरुंगवासालाही लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या श्रमाकडे लोकमानस कसे पाहत होते ते कळून येते.

दरम्यान रस्ता हा शासकीय नियोजनाचा विषय झाला. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंत रस्त्यांची वर्गवारी लावून दिली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्यकारभार मराठीत आला आणि ‘मुरमीकरण’, ‘खडीकरण’, ‘डांबरीकरण’, ‘काँक्रीटीकरण’ ही शब्दमालिका रूढ झाली. संस्कृतातील च्वि-रूपाचा साचा येथे देशी आणि परकीय शब्दांना सारखाच लावलेला आहे. ‘खडी’त तर ईकार मुळातच असल्याने जोडही दिसत नाही. शब्द म्हणून ही घडण सोयीची आहे. परंतु ‘बायांनी खडी फोडली’ या वाक्यात कर्ता आहे. ‘रस्त्याचे खडीकरण झाले’ या वाक्यात तो उरत नाही. दप्तरात दुसरे वाक्य टिकते, आणि इतिहासकार दप्तर वाचतो.

म्हणून दप्तराच्या जोडीला बोलीचे साधन वापरले पाहिजे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली तालुक्याच्या भीमाकाठचे जुने मार्ग गेले. उरलेल्यांवर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत आहेत. १९७२ साली विशीत असलेली माणसे आज सत्तरीपलीकडे आहेत. धुमस, पहार, घण, डबर, मोरी हे शब्द त्यांच्या तोंडी कोणत्या अर्थच्छटांनी येतात, मोजमाप आणि मजुरी यांसाठी त्यांनी कोणते शब्द योजले, याची गावोगाव नोंद करणे आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ते या दहा वर्षांत झाले नाही, तर सडकेचा वरचा थर तेवढा आपल्याला वाचता येईल.