धाव ते टायर : ओल्या आणि कोरड्या रस्त्याची गोष्ट

बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो तिला आपल्याकडे धाव म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. ही धाव चाकाच्या घेराहून किंचित लहान ठेवावयाची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून फुगवावयाची, चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. थंड होत आवळणारे लोखंड मग आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांना असे जखडून टाकते की खिळ्याचीही फारशी गरज राहू नये. पण वैशाखात लाकूड सुकून आकसले की तीच धाव सैल पडते. म्हणून गाडीवान चाके रात्रभर पाण्यात भिजत ठेवीत. लाकूड फुगे, धाव पुन्हा घट्ट बसे. ओल आणि कोरड यांचा चाकाशी चाललेला झगडा मोटारीने आणलेला नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगणातच होता.

आज ज्या विषयाचा इतिहास आम्ही मांडणार आहोत, तो वरवर पाहता श्रीमंती शोकाचा वाटेल. वेगवान मोटारीला कोरड्या रस्त्यावर कोणते टायर घालावे व ओल्यावर कोणते, याच्याशी सामान्य नागरिकाचे काय देणेघेणे? परंतु नाशिककरांच्या दारी हा प्रश्न जितका उभा आहे तितका फार थोड्या गावांच्या असेल. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पंचेचाळीस किलोमीटरांवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. आणि पुढे सिन्नरकडे गेले की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. कसारा घाट धुक्यात व पाण्यात चढून आलेली गाडी तासाभरात कोरड्या, धुळकट रस्त्यावर धावू लागते. युरोपातला शर्यतवाला असा बदल झाला की गाडी थांबवून चाके बदलतो. आपल्याला एकाच जोडीवर दोन्ही निभावावे लागते.

रबराचा इतिहास येथे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. 1839 साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाला गंधकाबरोबर रबर तापविण्याची युक्ती सापडली, आणि उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होणारा हा पदार्थ कामाचा झाला. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 मध्येच नोंदविली होती. पण मोटार नाही, सायकल नाही, मग ती कल्पना कोणी विचारावी? ती विस्मरणात गेली. 1888 मध्ये बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली. आपल्या खेड्यापाड्यांतून हवेच्या चाकांच्या बैलगाडीला कित्येक ठिकाणी सरळ ‘डनलॉप’ म्हणत, आणि ऊसतोडीच्या फडावर टायरगाडी हा शब्द तर रुजूनच गेला. जनावराच्या खांद्यावरचा भार हलका करणारे चाक एका गुरांच्या डॉक्टराच्या नावाने ओळखले जावे, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

मोटारीच्या शर्यतीत हवेचे टायर प्रथम उतरविले ते फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी, 1895 साली, पॅरिस-बोर्डो-पॅरिस या स्पर्धेत. वाटेत पंक्चरे इतकी झाली की मुदतीत त्यांना पोचता आले नाही. लोकांनी चेष्टा केली. तरीही काही वर्षांतच शर्यतीतील भरीव रबराची चाके मागे पडली. त्या वेळचे टायर मात्र गुळगुळीत असत. ओल्या फरसबंदीवर ते घसरत. म्हणून कोणी वर चामडे चढवी, कोणी त्यात पोलादी खिळे ठोकी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात साच्यातूनच नक्षी उठविलेले टायर निघू लागले. फायरस्टोन कंपनीने 1908 मध्ये तर ‘घसरत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्दच तिरप्या अक्षरांत टायरवर उठविले. नक्षी आणि जाहिरात दोन्ही एका खर्चात!

येथे एका सर्वसाधारण समजुतीचा विचार केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की टायरवरील खाचांमुळे रस्ता पकडला जातो. कोरड्या डांबरावर गोष्ट नेमकी उलट आहे. रस्त्याला जितके अधिक रबर टेकेल तितकी पकड चांगली, आणि प्रत्येक खाच म्हणजे न टेकलेले रबर. म्हणूनच 1971 पासून फॉर्म्युला वनच्या शर्यतींत कोरड्या दिवसासाठी साफ गुळगुळीत टायर आले. मऊ रबर तापले की रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबले जाते, त्याला चिकटते, आणि झिजतही झपाट्याने जाते. पण पाऊस आला की त्याच गुळगुळीत चाकाखालून पाण्याला निघून जावयास वाट उरत नाही.

हे पाणी किती असते याचा हिशेब श्रोत्यांनी घरी करून पाहावा. चाक 20 सेंटिमीटर रुंद, रस्त्यावर 3 मिलिमीटर पाणी, आणि वेग ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. गुणाकार केला तर प्रत्येक पुढच्या चाकाने सेकंदाला 15 लिटर पाणी बाजूला सारावे लागते. घरातली मोठी बादली सेकंदभरात रिती करण्यासारखे हे काम आहे, आणि ते पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या जागेतून करावयाचे. ते जमले नाही तर चाक पाण्यावर चढते व गाडी रस्त्यावर नसून पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते. चालक सुकाणू फिरवितो आणि काहीच घडत नाही. ज्याने हे एकदा अनुभवले त्याला वर्णन करून सांगावे लागत नाही.

या तरंगण्याचा सर्वांत मोलाचा अभ्यास झाला तो मोटारीसाठी नव्हे, विमानांसाठी. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने थांबेनात, तेव्हा अमेरिकेच्या नासा संस्थेतील हॉर्न व ड्रेहर या संशोधकांनी 1963 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे : पाणी खाचांच्या खोलीहून अधिक साचले असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते. हे सूत्र मोटारीला लावून पाहिले तर 36 पौंड दाबाला हा वेग ताशी सुमारे 100 किलोमीटर येतो, 30 पौंडांना सुमारे 90, आणि 25 पौंडांना 83. आकडे ठोकळ आहेत, टायरच्या घडणीप्रमाणे बदलतात. पण दिशा स्पष्ट आहे. ‘पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे चाक जास्त टेकते’ असे पंक्चरच्या दुकानात सर्रास सांगितले जाते. चिखलाच्या शेतरस्त्यावर तो सल्ला ठीक, हमरस्त्यावर घातक.

शर्यतींच्या जगात हा निर्णय मिनिटांत नव्हे, सेकंदांत घ्यावा लागतो. 2 नोव्हेंबर 2008 रोजी ब्राझीलमध्ये मोसमाची शेवटची शर्यत होती. शेवटच्या काही फेऱ्यांत पाऊस आला. बहुतेकांनी पावसाळी टायर घातले. जर्मनीचा टिमो ग्लॉक कोरड्या टायरांवरच राहिला. त्याचा डाव जवळजवळ साधला होता. पण अखेरच्या फेरीत सरी वाढल्या, त्याची गाडी रांगू लागली, आणि शेवटच्या वळणाआधी लुइस हॅमिल्टन त्याला ओलांडून पाचवा आला. तेवढ्याने त्याचे 98 गुण झाले. फेलिपे मासा शर्यत जिंकूनही 97 वर राहिला, आणि जगज्जेतेपद एका गुणाने गेले. ग्लॉकला पुष्कळांनी दोष दिला. आम्हांस तो अन्याय्य वाटतो. पाऊस दोन मिनिटे उशिरा वाढता तर त्यालाच शहाणा म्हटले असते.

आपल्याकडची हकीकत वेगळ्या वाटेने गेली. रबराचा तुटवडा हा येथला पहिला धडा. 1942 मध्ये जपानने मलाया घेतला, रबराच्या मळ्यांचा मोठा भाग दोस्तांच्या हातून गेला, आणि टायर रेशनवर आले. झिजलेल्या टायरवर पुन्हा रबर चढवून तो वापरण्याची सवय तेव्हापासून हाडीमांसी खिळली. पुढे 1958 मध्ये सिएट ही कंपनी भारतात स्थापन झाली; मूळ इटलीतील तुरिन शहरची. आज सातपूरच्या वसाहतीत तिचा कारखाना आहे, तेव्हा टायर ही नाशिकला परकी वस्तू राहिलेली नाही. रेडियल टायर मिशेलिनने 1940 नंतरच्या दशकात आणले. भारतात ते बनू लागावयास 1977 उजाडले. 1990 नंतर काजळीच्या जोडीला सिलिका मिसळलेले रबर आले. ओल्या रस्त्यावर पकड वाढली आणि इंधनही वाचले. एरवी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी. सिलिकेने त्यांचा समेट घडवून आणला.

परंतु टायर सुधारले तसा रस्ताही वेगवान झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा. वर दिलेल्या आकड्यांशी ही ताडून पाहावी. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली व 25 प्रवासी गेले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांना मात्र घटनास्थळी तशा खुणा आढळल्या नाहीत. प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडले की चालकाची झोप, वेग आणि थकवा यांची चौकशी आपोआप टळते. टायर दोषी असतो तेव्हाही तो बहुधा झिजलेला, जुना किंवा कमी हवेचा असतो, आणि तो तसा ठेवणारा माणूसच असतो.

आता निवडीचा प्रश्न. नाशिकचे तरुण वेगवान गाडी घेतात आणि पहिल्या महिन्यात कंपनीचे टायर काढून अधिक रुंद बसवितात. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो, हे खोटे नाही. पण रुंद चाकाला अधिक पाणी सारावे लागते, म्हणून त्याला खोल व लांबट खाचा हव्यात. परदेशी यादीत ‘उन्हाळी’ म्हणून लिहिलेले टायर पाहून कोणी बिचकू नये. ते नाव बर्फाच्या देशांतले आहे. आपला पाऊसही उबदार असल्याने चांगल्या प्रतीचा उन्हाळी टायर येथे बारा महिने चालतो. शर्यतीच्या मैदानासाठी केलेला अर्धगुळगुळीत टायर मात्र रस्त्यावर आणू नये. आषाढात तो पाणी सारीत नाही, आणि निफाडला पारा पाच अंशांखाली जातो अशा पौषातल्या पहाटे त्याचे रबर तापतच नाही.

कायद्याने मोटारीच्या टायरवर किमान 1.6 मिलिमीटर खाच हवी. ही सीमा कोरड्यासाठी पुरते. पावसासाठी आमच्या मते ती फारच थोडी आहे, आणि 3 मिलिमीटरांवर आलेला टायर मृगाआधी बदलावा. टायरच्या कडेवरील चार आकडेही वाचावेत : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खाच भरपूर दिसली तरी जुने रबर कठीण झालेले असते. ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी किमान कसोटी ठरविणारे नियम केंद्र सरकारने 2022 मध्ये जाहीर केले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली.

राहता राहिला एक वाद, जो नाशिकच्या प्रत्येक टायरच्या दुकानात ऐकू येतो. दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते पुढे घालावेत की मागे? ओढणारी चाके पुढची, सुकाणू पुढचे, म्हणून पुढे, असे गिऱ्हाईक म्हणते. टायर बनविणारे म्हणतात, मागे. पुढचे चाक पाण्यावर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय हळूच उचलला की सावरते. मागचे घसरले तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि कसारा घाटाच्या वळणावर ती सावरावयास फारशी जागा नसते.